वारेची हाक

डोल्माचं डोकं दोन दिवसांपासून ठणकत होतं. तिची टिकली मात्र हिरवी होती.

उपकेंद्राची नर्स सुनेत्रा तोडणकर ओट्यावर बसली होती. डोल्माच्या गळ्याच्या हाडाखाली चिकटवलेल्या टिकलीच्या चकतीवर तिने फोन धरला, तसा पडद्यावर हिरवा गोल उमटला. आठवा महिना, सगळं ठीक.

"दिदी, डोळ्यांसमोर मधूनच चमचम होतं," डोल्मा म्हणाली.

"कातळावर दिवसभर आंबे निवडत बसतेस. ऊन लागलंय. कोकम सरबत घे, दोन दिवस सावलीत रहा."

"टिकली काय म्हणते?"

"टिकली म्हणते, तू छान आहेस."

डोल्मा हसली आणि चपला घालायला वाकली. तिची पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यांतून वर आली होती. सुनेत्राने ते पाहिलं, पण आठव्या महिन्यात कुणाचे पाय सुजत नाहीत?

डोल्मा नेपाळच्या पार वरच्या टोकाची, हुमला जिल्ह्यातली. नवरा कर्मा कातळवाडीच्या आंबाबागेत राखणदार होता, आणि हा त्यांचा इथला चौथा हंगाम. मराठी ती बागेतल्या बायकांकडूनच शिकली होती.

टिकली येण्याआधी अशा बायकांचं काय होई, ते सुनेत्राने जवळून पाहिलं होतं. एक नेपाळी बाई मासेमारीच्या जेटीवरच्या खोलीत आकडी येऊन गेली होती. गाडी मागवली, तर आधी कागद दाखवा म्हणाले. त्या काळात गाडी कुणाची ओळख आहे ते बघून यायची.

टिकली आली आणि ते चित्र पालटलं. पोटातल्या बाळाला आईच्या रक्ताशी जोडणारी वार, म्हणजे गर्भाबरोबर वाढणारा आणि त्याच्यामागून बाहेर पडणारा तो मांसल गोळा, सतत काहीतरी सांगत असते. तिच्या पेशींतून आरएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात उतरतात. वारेला रक्तपुरवठा कमी पडू लागला, प्राणवायू अपुरा पडला, की ते तुकडे बदलतात. ती एक प्रकारची हाकच असते. आईचा रक्तदाब वाढायच्या, आकडी यायच्या कितीतरी आधी ती हाक सुरू होते. टिकलीच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया असत. त्या ही हाक टिपत आणि तिचा रंग करत. हिरवा, पिवळा, नाहीतर लाल. लाल झाली, की जिल्ह्याच्या कक्षातला संगणक आपणहून गाडी धाडे आणि शस्त्रक्रियेची जागा राखून ठेवे. तिथे ओळखीपाळखी चालत नसत.

ही योजना फक्त इथल्या रहिवाशांसाठी आहे, असं सुरुवातीला सांगण्यात आलं होतं. सुनेत्राने त्यावरून भांडण केलं, वरपर्यंत गेली, आणि बागांतल्या नेपाळी बायकांना स्वतःच्या हाताने टिकल्या लावल्या. त्या हिरव्या गोलावर तिचा मनापासून विश्वास होता.

दोन दिवसांनी तिच्या स्वतःच्या घरात टिकली लाल झाली.

केतकी, तिची एकुलती एक मुलगी, बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई चिन्मय चिपळूणला नोकरीवर होता. सकाळी आंघोळ करून आलेल्या केतकीने आरशात पाहिलं आणि नुसतीच उभी राहिली.

"आई, मला काही होत नाहीये गं. मग ही लाल का?"

"तुला व्हायच्या आधीच तिला कळतं. म्हणून तर लावायची ती."

सुनेत्राने आवाज शांत ठेवला. तिने चिन्मयला फोन केला आणि पिशवी भरायला घेतली. कक्षाचा निरोप आला होता. गाडी निघाली आहे, तालुक्याच्या रुग्णालयात जागा राखली आहे. सगळं जसं व्हायला हवं तसंच चाललं होतं. नवरा गेल्यापासून या घरात दोघीच होत्या, आणि केतकीशिवाय दुसरं काही गमवण्यासारखं सुनेत्रापाशी उरलं नव्हतं.

गाडी अंगणात लागली तेवढ्यात मागून मोटारसायकल आली. कर्माने ती स्टँडवरही लावली नाही, तशीच आडवी टाकून तो धावत आला.

"सिस्टर, डोल्माला दिसत नाय. उलटी होते. म्हणते, अंधार झाला."

बाहेर रखरखीत ऊन होतं.

सुनेत्राने तिथूनच फोनवर डोल्माची टिकली पाहिली. हिरवी. तिने कक्षाला फोन लावला.

"हिरव्या पेशंटसाठी गाडी उद्या सकाळी देता येईल, मॅडम," पलीकडची मुलगी म्हणाली.

"तिला दिसत नाहीये."

"मला रंग बदलता येत नाही, मॅडम. तुम्ही डॉक्टरांशी बोला."

केतकी गाडीत चढून बसली होती. तिने सगळं ऐकलं. "बाग वाटेवरच आहे ना? जाऊ या तिकडून."

बागेतल्या पत्र्याच्या खोलीत डोल्मा भिंतीला टेकून बसली होती. आत कुणी आलं, तरी तिने मान वळवली नाही. सुनेत्राने पिशवीच्या तळातून प्रेशर मोजायचं यंत्र काढलं. टिकली आल्यापासून ते फारसं बाहेर निघत नसे. दंडावरचा पट्टा फुगला, सैल झाला. आकडा बघून तिला वाटलं, यंत्र बिघडलंय. तिने पुन्हा मोजलं. वरचा आकडा दोनशेला टेकत होता.

तिने तालुक्याला डॉ. इम्तियाज पारकरांना फोन केला. स्त्रीरोगतज्ज्ञ ते एकटेच होते.

"टिकली काय दाखवते?"

"हिरवी, सर."

मग त्यांनी विचारलं, "बाई कुठली आहे म्हणालात?"

"नेपाळची. हुमलाची."

"किती उंचावरचं गाव?"

सुनेत्राने कर्माला विचारलं. तो म्हणाला, झाडं संपतात, त्याच्याही वर.

"अरे देवा," पारकर हळूच म्हणाले. "सिस्टर, आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियम द्या. दोन्ही कुल्ल्यांत, खोल. आणि तिला घेऊन या. कक्षाचं मी बघतो."

इंजेक्शन देताना सुनेत्राचे हात सवयीने चालत होते. डोल्माला उचलून गाडीत केतकीच्या समोरच्या बाकावर निजवलं. गाडी कातळावरून खाली उतरू लागली तशी डोल्माची मान ताठ झाली, डोळे वर गेले आणि सगळं अंग झटके देऊ लागलं. कर्मा मोठ्याने काही म्हणत होता, बहुधा प्रार्थना. सुनेत्राने तिला डाव्या कुशीवर वळवून धरलं. केतकीने एका हाताने स्वतःचं पोट सांभाळत दुसऱ्या हाताने डोल्माचं डोकं धरून ठेवलं, पत्र्यावर आपटू नये म्हणून. आकडी ओसरली तेव्हा केतकीच्या मनगटावर डोल्माच्या नखांचे ओरखडे उठले होते.

पारकर रुग्णालयाच्या दारातच उभे होते. स्ट्रेचरबरोबर चालता चालता ते बोलत होते, जणू स्वतःशीच.

"आपल्याला हवा कमी पडली की शरीर ओरडायला लागतं. रक्त दाट करा, हे करा, ते करा. पण जे लोक शेकडो पिढ्या विरळ हवेत राहिले, त्यांच्या शरीराने ते ओरडणं कमी केलंय. सतत ओरडत राहिलं तर त्या उंचीवर माणूस जगणार नाही. त्यांच्या जनुकांतच ते आहे. मग तिची वार गुदमरली, तरी हाक हळूच घालणार. आणि आपली टिकली शिकली कुणाकडून? किनारपट्टीच्या बायकांकडून. तिला मोठ्याने मारलेली हाकच ऐकू येते." त्यांनी मान हलवली. "हे मी वाचलं होतं. पण टिकलीशी त्याचा संबंध जोडला नाही. माझ्याच तालुक्यात निम्म्या बागांत नेपाळची माणसं असताना."

शस्त्रक्रियेची खोली एक, भूल देणाऱ्या डॉक्टर एक. दारावरच्या संगणकाच्या पडद्यावर केतकीचं नाव होतं. डोल्माचं नव्हतं. रत्नागिरीला पाठवायचं, तर रस्ता दोघींपैकी कुणालाच झेपणारा नव्हता.

"लाल पेशंटला मागे ठेवून हिरव्याला घ्यायचं, तर लाल पेशंटची स्वतःची संमती लागते," पारकर म्हणाले. ते केतकीच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. "नीट ऐक, बाळा. तुझं प्रेशर वाढलंय, पण आटोक्यात आहे. टिकली म्हणते, तुझी वार संकटात आहे. ते खरंच आहे. ती आज बिघडेल, उद्या बिघडेल, तासाभरात बिघडेल, हे ना ती सांगू शकत ना मी. पण त्या बाईला मी आत्ता घेतलं नाही, तर ती जाईल. तू नाही म्हणालीस, तरी कुणी तुला दोष देणार नाही. हक्क तुझा आहे."

केतकीने आईकडे पाहिलं. "आई, तू सांग. तुला कळतं यातलं."

सुनेत्राने दाराबाहेर पाहिलं. बाकावर कर्मा बसला होता. आत काय ठरतंय, त्याची त्याला कल्पनाच नव्हती. कुणी त्याच्याकडे बघितलं की तो उठून उभा राहात होता.

नर्स म्हणून तिला उत्तर माहीत होतं. आई म्हणून ते तिला तोंडातून काढायचं नव्हतं. केतकी लहानपणी ताप आला की अशीच बघायची, आई सांगेल ते कडू औषध घ्यायच्या तयारीने.

"थांब, केतू," ती म्हणाली.

केतकीने संमतीसाठी अंगठा टेकवला. डोल्माला आत नेलं, आणि दार बंद झालं.

सुनेत्रा लेकीच्या उशाशी बसून राहिली. सलाइनमधून औषध चालू होतं. केतकी बाळाच्या नावाबद्दल बोलत होती. चिन्मयला जुनं नाव हवंय, तिला नकोय. बोलता बोलता ती थांबली.

"आई, पोट खूप दुखतंय."

सुनेत्राने हात ठेवला. पोट दगडासारखं कडक झालं होतं आणि सैल पडत नव्हतं. तिने चादर उचलली. खाली रक्त होतं.

वार सुटली होती. बाळ बाहेर यायच्या आधी ती गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटली, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. सुनेत्राने धावत जाऊन बंद दार ठोठावलं. आतून आधी एका बाळाचं रडणं ऐकू आलं, मग पारकरांचा आवाज.

"काय झालं?"

"केतकीची वार सुटली, सर."

"टाके घालतोय. रक्त लावा तिला. दोन्ही हातांना सुया घाला. आलोच."

ते 'आलोच' सरता सरेना. सुनेत्राने शिरा शोधल्या, सुया घातल्या, रक्ताची पिशवी टांगली. केतकीचे ओठ पांढरे पडत चालले होते. दार उघडलं, डोल्माला एका बाजूने बाहेर आणलं आणि केतकीला दुसऱ्या बाजूने आत नेलं. दोन्ही खाटा दारात एकमेकींना घासून गेल्या. डोल्माच्या कुशीत कापडात गुंडाळलेली मुलगी होती. सुनेत्राने तिच्याकडे पाहिलं नाही. तिला पाहवलं नाही.

चिन्मय आला तेव्हा केतकी आतच होती. पारकर बाहेर आले, त्यांचा गाउन रक्ताने भिजला होता.

"मुलगा आहे. अशक्त आहे, पण राहील. केतकीही राहील." त्यांनी हातमोजे काढले. "रक्त थांबेना. गर्भाची पिशवी काढावी लागली."

चिन्मयला कळायला वेळ लागला. मग तो सासूकडे वळला.

"तिची टिकली लाल होती ना? जागा तिच्या नावाने राखलेली होती ना?"

"हो."

"मग थांबवलं कुणी?"

"मी," सुनेत्रा म्हणाली.

पारकरांनी समजावण्याचा प्रयत्न केला. आधी घेतलं असतं तर पिशवी वाचली असती, असंही म्हणता येत नाही, आणि नसती, असंही म्हणता येत नाही. ते खरंच होतं, पण त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

वॉर्डात केतकी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. बाळाला पाजायला वळायची, आणि पुन्हा भिंतीकडे. आई आली की डोळे मिटायची. डोल्माची दृष्टी हळूहळू परतली. काय घडलं ते तिला वॉर्डातल्या आयांकडून कळलं. एका दुपारी ती भिंतीला धरत धरत केतकीच्या खाटेपाशी आली. केतकी जागी आहे, हे श्वासावरून कळत होतं. डोल्मा बराच वेळ उभी राहिली. तिने केतकीच्या पायांवरून घसरलेली चादर नीट केली आणि आली तशी परत गेली.

घरी सोडलं, त्या दिवशी चिन्मयने गाडी सरळ चिपळूणला नेली. माहेरी सव्वा महिना राहायचं ठरलं होतं. केतकीने आईला एवढंच विचारलं, "असं होईल हे तुला माहीत होतं?"

"होऊ शकतं, एवढं माहीत होतं."

केतकीने मान हलवली आणि गाडीची काच वर केली.

पारकरांनी सगळी माहिती टिकली बनवणाऱ्यांकडे पाठवली. त्यांनी चूक मान्य केली. डोंगराळ भागातल्या बायकांच्या वारेची भाषा शिकवायला अवधी लागेल, असं कळवलं. तोवर पारकर आणि सुनेत्रा बागेबागेतून आणि जेटीवरून फिरले आणि नेपाळहून आलेल्या प्रत्येक गरोदर बाईचं प्रेशर मोजलं. आणखी दोघी हिरव्या असून आजारी निघाल्या. त्या वेळेवर सापडल्या. सुनेत्राला आनंद व्हायला हवा होता. ती रिकाम्या घरी यायची, केतकीला फोन लावायची, आणि चिन्मय उचलून सांगायचा, "झोपलीये."

डोल्माकडे तिचं जाणं चालू होतं. टिकलीचं काम वार पडली की संपतं. ती मुकी होते. आजार मात्र वारेबरोबर जातोच असं नाही. बाळंतपणानंतरही काही आठवडे तो दबा धरून असतो, आणि आता बाळ झालं, सुटले, असं म्हणून बाया त्याला विसरतात. एका सकाळी डोल्माचं प्रेशर पुन्हा चढलेलं निघालं. खोलीत बोचकी बांधून ठेवलेली होती.

"हे काय?"

"हंगाम संपला, सिस्टर," कर्मा म्हणाला. "खोली खाली करायला सांगितली. परवा गाडी आहे, बॉर्डरपर्यंत."

"तीन दिवसांचा प्रवास? हिच्या या अवस्थेत?"

"मग कुठे राहू?"

सुनेत्राने बोचकी उचलली. डोल्मा, तिची मुलगी आणि कर्मा त्या दुपारी तिच्या घरी आले. पाळणा केतकीच्या खोलीत आधीच टांगलेला होता. तो केतकीच्या बाळासाठी आणला होता. सुनेत्रा त्याच्यापुढे थोडा वेळ उभी राहिली, मग तिने त्यात दुपटं अंथरलं.

ही बातमी चिपळूणला पोचायला वेळ लागला नाही. फोन केतकीचा आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"माझ्या खोलीत ठेवलंस तिला?"

"दुसरी खोली आहे कुठे, केतू?"

"पाळण्यातही?"

केतकीने फोन ठेवला.

त्यानंतर आठवडाभर काहीच नाही. डोल्मा गोळ्या घेत होती, प्रेशर उतरत होतं. ती घरात पावलं न वाजवता वावरायची, आणि सुनेत्राशी बोलताना जमिनीकडे बघायची. एकदा म्हणाली, "दिदी, आम्ही जातो. तुमची मुलगी येत नाही आमच्यामुळे."

"तू गेलीस म्हणून ती येणार नाही," सुनेत्रा म्हणाली. "गोळी घेतलीस का?"

आणि मग एका दुपारी, डोल्मा अंगणात मुलीला तेल लावत असताना, फोन वाजला. केतकी घाईघाईने बोलत होती.

"आई, आमच्या सोसायटीच्या वॉचमनची बायको आहे. नेपाळची, गेल्याच महिन्यात आलीये. सातवा की आठवा महिना आहे. टिकली हिरवी आहे, पण डोकं दुखतंय म्हणून जिन्यात बसली होती. मी माझं प्रेशरचं यंत्र लावलं."

"किती?"

केतकीने आकडा सांगितला. सुनेत्रा खुर्चीवरून उठली.

"दवाखान्यात न्यायला हवं. आत्ताच. हिरवी म्हणाले तर पारकर सरांचं नाव सांग, मी त्यांना लगेच सांगते. गाडीची वाट बघू नका."

"चिन्मय गाडी काढतोय. पण ती हलेना. घाबरलीये. नवरा गावात गेलाय, आणि तिला ना हिंदी येत, ना मराठी. मी हात धरला तर ओढून घेते." केतकी थांबली. "डोल्मा आहे का घरात?"

"आहे."

"तिला दे फोन."

सुनेत्राने फोन स्पीकरवर टाकून डोल्माच्या तेलकट हातात दिला. डोल्माने पलीकडचं थोडं ऐकलं आणि बोलू लागली. नेपाळी सुनेत्राला समजत नव्हती. डोल्माचा आवाज तिने कधी इतका मोठा ऐकला नव्हता. मध्येच पलीकडून एक बारीक, रडका आवाज आला. डोल्माने त्याला दटावलं, मग समजावलं, मग स्वतःच्या डोळ्यांवरून हात फिरवत काहीतरी सांगितलं. फोनमधून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

"बसली ती," डोल्मा म्हणाली. "मी सांगितलं, या ताईवर विश्वास ठेव."

तेवढ्यात केतकीचा आवाज आला. "आई, निघालो आम्ही. मी मागे बसलेय तिच्यापाशी. वाटेत आकडी आली तर काय करू?"

"डाव्या कुशीवर वळव तिला," सुनेत्रा म्हणाली. "तोंडात काही घालू नकोस. डोकं धरून ठेव, तुला येतं ते."

"हो," केतकी म्हणाली. "तू बोलत रहा. फोन ठेवू नकोस."